बंदूक घरी नसल्यामुळे मागे पडलेल्या नंबराबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
मानसिक आरोग्य केंद्र,
टॅमरॅक काउंटी, मोंटाना.

विषय : श्री. ऑरिन ट्वेट यांना शनिवारपूर्वी डॉक्टरांची वेळ मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या केंद्राशी काल फोनवर झालेले बोलणे (पैकी बराचसा भाग संगीत).

महोदय,

मी गावात बंदुकांचे दुकान चालवते. गिऱ्हाईक आले की ओळखपत्र, एक फॉर्म, एक फोन. कॉफी निवायच्या आत माणूस बंदूक घेऊन बाहेर. आपल्याकडे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात, तेही रस्त्यावर बर्फ नसेल तर. ही तक्रार नव्हे, तुलना आहे.

ऑरिन माझ्या वर्गातला. वसंतात त्याची बायको वारली. सप्टेंबरात दुकानात येऊन त्याने आपली रायफल काउंटरवर ठेवली. म्हणाला, "डार्लीन, ही ठेव तुझ्याकडे. घरात आम्ही दोघंच असतो, आणि हल्ली हिचं म्हणणं मला पटायला लागलंय." मी म्हटले, "बायकोचं तर जन्मात कधी पटलं नाही तुला!" तो हसला. मी रायफल कपाटात घातली व त्याच्यासमोरच आपल्या केंद्राला फोन लावून त्याच्या हाती दिला.

आपल्या बाईंनी विचारले, "घरात बंदूक आहे का?" ऑरिन खोटे बोलत नाही. "नाही," म्हणाला. त्यामुळे त्याचे नाव तातडीच्या यादीत न जाता साध्या यादीत गेले, आणि वेळ मिळाली फेब्रुवारीतली. बंदूक घरी असती तर त्याच आठवड्यात बोलावले असते, असे बाईंनी काल मला समजावले. "मग नेऊन ठेवू का परत त्याच्या घरी?" मी विचारले. "तसा सल्ला आम्हाला देता येत नाही, मॅडम." बाई बोलायला फार गोड आहेत.

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. ऑरिन सकाळी आठला रायफल न्यायला येणार आहे. गुडघे गेल्यापासून पंधरा वर्षांत तो शिकारीला गेलेला नाही. पण वस्तू त्याची. मला अडवता येत नाही. गेल्या शुक्रवारी मी कपाटाची किल्ली हरवल्याचे सांगून पाहिले. तो म्हणाला, "अगं, तू एक वेळ नवरा हरवशील, किल्ली नाही."

तरी त्यास या गुरुवारीच तपासावे, ही विनंती. दुकान बंद ठेवून मी स्वतः त्याला गाडीतून आणीन. डॉक्टरांनी माझ्या दुकानात बसायचे म्हटले तरी चालेल. खुर्ची आहे, कॉफी आहे, आणि यादी नाही.

हे जमण्यासारखे नसल्यास, शनिवारी आठ वाजता मी त्याला काय सांगावे ते आपल्या सहीनिशी लेखी कळवावे. किल्लीचे सांगून झाले आहे.

आपली नम्र,
डार्लीन हॅगस्ट्रॉम
मंगळवार, २१ ऑक्टोबर

सोबत : ऑरिनचा फोन नंबर. पहिल्या घंटीलाच उचलतो.