ऑर्व्हिलचं अजून ठरलं नाही

हॅडली ग्रोव्ह, आयोवा
९ जुलै

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस ते मला सोसत नाही, म्हणून पत्रच बरं. कागद मागच्या रविवारच्या चर्चच्या पत्रकाचा आहे. पाठ कोरी होती, टाकवेना.

बातमी चांगली नाही. गावातलं डायलिसिसचं केंद्र ऑगस्टअखेर बंद होतंय. इन मीन तीन यंत्रं, चालवायला परवडत नाही म्हणे. पुढे ह्यांना आठवड्यातून तीनदा सू सिटीला न्यायचं, सत्तर मैल जायला नि सत्तर यायला. ऑर्व्हिलनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यायला मी काय कुणाचा झगा आहे? सू सिटीला येणार नाही म्हणाले. डॉक्टर सांगतात की न गेल्यास आठवडा, फार तर दोन.

एकाच विषयावर माणूस अजून उठून बसतो, तो म्हणजे पुढच्या खेपेला अध्यक्षपदाला कोण उभं राहणार. बियाणेवाल्याच्या कॅलेंडरवर नावं लिहून ठेवलीत. तुला आमची स्वयंपाकघरातली डुगडुगणारी खुर्ची आठवते ना? पहिला कौल आयोवाचा, म्हणून मतं मागत आजवर घरी आलेल्या प्रत्येक इच्छुकाला ह्यांनी तीवर बसवलं. कोण कुरकुरतो, कोण दुसरी मागतो, ते बघायचं. मागच्या खेपेला सिनेटर व्हिटकोमनी स्वतःच्या भाषणाचा कागद घडी करून खुर्चीच्या पायाखाली सारला, तेव्हा हे म्हणाले की भाषण पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं. त्या दिवसापासून व्हिटकोम लाडका.

ताई, तू ह्यांना लिही. भांड त्यांच्याशी. माणसाचं ठरत नाही तोवर तो जगायला तयार असतो, असं मला वाटतं. देवाजवळ रोज तेवढंच मागते.

तुझी,
ल्युएला

डुलुथ, मिनेसोटा
२१ जुलै

श्री. ऑर्व्हिल जावईबुवांस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॅलेंडरवर हॅस्किन साबणवाल्याचं नाव आहे असं कळलं. लाज वाटू द्या. ज्याने आयुष्यात स्वतःचा सदरा धुतला नाही तो देश धुवायला निघालाय! आणि तुमच्या व्हिटकोमना मागच्या खेपेला आयोवातच लोकांनी घरी पाठवलं, ते विसरलात वाटतं. माझं मत गव्हर्नर टॅल्मनबाईंना. दक्षिणेतली आहे, बोलते मधासारखं, पण विधिमंडळाला नाकदुऱ्या काढायला लावते. हे काम बाईचंच. तुमच्या घरी कोण काय करतं ते आठवा.

आता खरी बातमी. माझ्या शेजारणीचा भाचा व्हिटकोमच्या कचेरीत आहे. ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तुमच्याच चर्चच्या तळघरात येणार आहेत. गाजावाजा नाही, जुन्या ओळखीची माणसं तेवढी. तुमचं नाव त्यांनी काढलं म्हणे. तेव्हा तब्येत धरून राहा, आणि केंद्र का बंद पडतं ते त्यांच्या तोंडावर विचारा.

पत्राचं उत्तर तावातावाने यावं, ही अपेक्षा.

आर्डिस

हॅडली ग्रोव्ह
१४ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने जादू केली. हे सू सिटीला येतात. पहाटे उठतो, मी गाडी चालवते, हे शेजारी बसून टॅल्मनबाईंचे दोष काढतात. परतताना बोलायचं त्राण नसतं, मग मी उलट्या बाजूने बोलते आणि हे नुसता हात हलवून नाही म्हणतात. काल शेजारचा डेल खुर्चीचा पाय नीट करून देतो म्हणाला, तर त्याच्यावर असे ओरडले की मला बरं वाटलं.

त्या भाच्याबद्दल मी तुला काही विचारत नाही. विचारलं तर तुला सांगावं लागेल.

त्या शनिवारसाठी पाव, हॅम नि कॉफीचं मोठं भांडं चर्चच्या मंडळाच्या बायकांकडे सांगून ठेवलंय. तुझी प्रकृती जप.

तुझी,
ल्युएला

हॅडली ग्रोव्ह
१२ ऑक्टोबर

आर्डिसताईस,
सा. न.

कुणी आलं नाही. ह्यांनी दाढी केली, लग्नकार्याचा कोट घातला, तो आता अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. खुर्ची गाडीत घालून नेली होती. तळघरात आम्ही दोघं, पाद्रीबाबा आणि तीन म्हाताऱ्या, एवढेच. चार वाजेपर्यंत बसलो. मग ह्यांनी स्वतः कॉफीचं भांडं ओतून विसळलं, खुर्ची उचलायला मात्र डेलला बोलवावं लागलं.

आज सोमवार. गाडी दाराशी लावली. म्हणाले, ल्युएला, गाडी आत घे, उगाच पेट्रोल जाळू नकोस. बोलून पाहिलं, रडून पाहिलं, गुडघे टेकून पाहिलं.

ताई, आठवी आज्ञा आपण दोघींनी एकाच बाकावर बसून पाठ केली होती. खोटी साक्ष देऊ नकोस. तू खोटी आशा दिलीस आणि मी डोळे मिटून ती घेतली. तुझ्यावर रागावू की स्वतःवर, ते कळत नाही. लगेच लिहू नकोस.

ल्युएला

हॅडली ग्रोव्ह
१६ ऑक्टोबर

ती. आर्डिसताई यांस,
स. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो. ल्युएलाने तुम्हाला काय लिहिलं असेल याची कल्पना आहे. मनाला लावून घेऊ नका.

चाळीस वर्षं डुलुथला राहून तुम्ही पार शहरी झालात. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे ऐन मक्याची काढणी. त्या दिवशी सगळा गाव कापणीयंत्रावर असतो. मतं मागायला निघालेला कुणीही शहाणा माणूस त्या आठवड्यात इथे पाय ठेवत नाही. व्हिटकोमना तर हे पक्कं ठाऊक. तेव्हा तुमच्या शेजारणीचा भाचा खोटा, हे मी पहिल्या वाचनातच ओळखलं.

पण पत्र वाचून दाखवताना ल्युएलाचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. तो पाहिल्यावर न जाऊन कसं चालेल? सहा आठवडे गेलो. कोटही घातला. आता मात्र दमलो. केंद्र कुणाच्या येण्याने उघडणार नव्हतं, येऊन गेलेल्यांनीही काय उघडलं? खुर्चीवर बसून सगळेच गेले.

हे तिला आत्ता सांगू नका. मागाहून सांगा. आणि टॅल्मनबाईंबद्दलचं तुमचं मत चूकच आहे.

ऑर्व्हिल

डुलुथ
९ नोव्हेंबर

चि. ल्युएलास,
अनेक आशीर्वाद.

वरती 'सौ.' लिहायला हात गेला होता, आवरला. बर्फामुळे अंत्यविधीला पोचता आलं नाही, हे दुःख मला जन्मभर पुरेल. सोबत ऑर्व्हिलचं पत्र आहे. वीस दिवस उशीखाली ठेवलं. मागाहून सांगा म्हणाले होते, आता सांगते. मी तुला फसवलं, तू त्यांना फसवलंस असं तुला वाटलं, आणि ते आपल्या दोघींना सांभाळत सत्तर मैल जात राहिले.

रागावलीस तरी लिही. कोऱ्या पाठीवर लिही, पण लिही.

आर्डिस

हॅडली ग्रोव्ह
३ मार्च

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. केंद्राच्या जागी आता भाड्याची गोदामं आहेत. डेलची आई सू सिटीला जाते, काही दिवस जाईल. मी रविवारी प्रार्थनेला जाते, ओठ हलवते, आत काही पोचत नाही. पाद्रीबाबांना हे सांगितलं नाही, तुला सांगते.

काल दार वाजलं. शेजारच्या जिल्ह्यातली एक साठीची बाई, हातात नावांची यादी. टॅल्मनबाई उभ्या राहायचा विचार करताहेत, त्यांच्याकडून आली होती. थंडीत कुडकुडत होती, म्हणून आत घेतलं. ती नेमकी त्याच खुर्चीवर बसली. खुर्ची हलली. तिने न कुरकुरता बुटाचं टोक खुर्चीच्या पायाखाली सारलं आणि कॉफी घेत राहिली. ह्यांना आवडलं असतं. तुझी जीत झाली असती बहुधा.

मग तिने यादीत बघून विचारलं, ऑर्व्हिल ब्रँडव्होल्ड घरी आहेत का, कुणाच्या बाजूने आहेत? मी म्हटलं, आत्ता घरी नाहीत, आणि त्यांचं अजून ठरलं नाही.

तिने नावापुढे खूण केली. हरकत नाही म्हणाली, ज्यांचं ठरलेलं नसतं त्यांच्याकडे आम्ही पुन्हा पुन्हा येतो.

आठवी आज्ञा मला पाठ आहे, ताई. ती बाई फाटकापर्यंत जाईतो मी दारात उभी होते. हाक मारली नाही.

लोभ होता तसाच राहू दे, मला आता दुसरं काही मागायचं नाही.

तुझी,
ल्युएला