घर माझे, जमीन सीनुआनची

मी, मंदाकिनी भालचंद्र खासनीस, माहेरची बार्शीकर, वय शहात्तर, जन्म सोलापूरचा, राहणार बान नोंग खाम, प्रांत फ्रे, देश थायलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाचीही भीड न बाळगता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत आहे. ज्याला दाखला पुरत नसेल त्याने बाजारात माझ्याबरोबर मिरच्यांचा भाव करायला यावे.

याची थाई प्रत वकिलाने तयार केली असून ती जिल्हा कचेरीत राहील. तिच्यात नुसता कायदा आहे. ही मराठी प्रत माझा भाचा शिरीष याच्यासाठी. कोणाला काय दिले आणि का दिले हे त्याला त्याच्या भाषेत कळावे, म्हणजे तो फोन करून इथल्या लोकांचे डोके खाणार नाही.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही यजमानांना दिले होते. ते माझ्याआधी गेले, त्यामुळे ते मृत्युपत्र आपोआपच निकालात निघाले. तरी कायद्याला स्पष्ट सांगावे लागते म्हणून सांगते, ते रद्द.

कलम पहिले. मी इथे कशी, याचा खुलासा.

यजमान इथल्या समुद्र प्राकान या शहरातल्या कापडगिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. दोन वर्षांसाठी म्हणून आलो. सीनुआन त्याच गिरणीत घड्या घालायच्या खात्यात होती, आमच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि माझ्या फोडणीच्या वासाने रोज शिंकायची. यजमान गेले तेव्हा सोलापूरहून जाऊबाईंचा निरोप आला की आता तिथे कोण आहे तुझे, गुमान परत ये. हा निरोप मी सीनुआनला समजावून सांगितला. ती म्हणाली, "ताई, माझ्या गावी चल. आईची जमीन आहे. रडायचं असेल तर तिथं बसून रड, इथं रडायलासुद्धा खोलीचं भाडं पडतं."

मी चार दिवसांसाठी म्हणून गेले. जाऊबाईंनी सगळ्या नात्यात सांगितले होते की महिन्याभरात येईल परत, खाणार काय तिथे. जाऊबाई आता हयात नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. मी व्यवस्थित खाल्ले एवढेच नोंदवते.

कलम दुसरे. रंगाचे सामान.

आम्ही दोघींनी निळीचे सदरे रंगवून पोट भरले. सात रांजण, ढवळायच्या काठ्या, चुन्याची डबी आणि पिळायचे लाकडी यंत्र हे सगळे मी किमलान हिला देते. किमलानचे कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. मांदाचा (गावात मला मांदा म्हणतात) रंग पहिल्या धुण्यात जातो, हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट सांगत आली आहे. आता तिने स्वतः करून दाखवावे. नीळ रोज ढवळावी लागते, तिला आंबट-गोड खायला घालावे लागते, आणि रागावलेल्या माणसाने हात लावला की ती मरते असे इथे सगळे मानतात. म्हणजे किमलानला निदान सकाळच्या वेळी तरी गोड बोलावे लागेल. गावावर माझे हे उपकार समजावेत.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक आणि दानधर्म.

अंत्यविधीचा खर्च वजा करून जे उरेल त्यातले निम्मे जिल्ह्याच्या इस्पितळाला द्यावे. रोग्यांबरोबर आलेली माणसे तिथे ओसरीवर उपाशी बसलेली असतात, त्यांना त्यातून गरम भात मिळावा. उरलेले निम्मे सोलापुरात मी शिकले त्या मुलींच्या शाळेला, संडास बांधण्यासाठी. वाचनालयाला नको. वाचनालयाला सगळेच देतात, कारण तिथे फोटो लावता येतो.

माझे नाव कुठेही रंगवू नये. इथल्या देवळात मी पुष्कळ ठिकाणी आहे. दोन बाकांवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, भिंतीवरच्या एका पंख्यावरही आहे. वर्गणी निघाली की परदेशी बाईकडे पहिल्यांदा यायचे अशी इथली रीत, आणि मलाही नाही म्हणता येत नाही. आता पुरे झाले. लोकांना बसायला बाक पाहिजे असतो, त्यांनी वाचत कशाला बसावे.

कलम चौथे. चिरंजीव शिरीष.

शिरीषला मी यजमानांचे घड्याळ, माझ्या आईचे पितळी पुरणयंत्र आणि माझे आशीर्वाद देते. मुलगा वाईट नाही, व्यवहारी आहे. दर रविवारी न चुकता फोन करतो आणि दर रविवारी म्हणतो, "आत्या, विकून टाक आणि ये. इथे बाणेरला ज्येष्ठांसाठी फार सुंदर सोसायटी झालीय. खालीच फिजिओथेरपी आहे." शिरीष, बाळा, मला इथे खाली कोंबड्या आहेत. त्यांच्यामागे धावले की तेच होते.

घर मात्र त्याला देत नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात.

कलम पाचवे. घर.

या देशात परक्या माणसाला जमीन घेता येत नाही, पण जमिनीवरचे घर घेता येते. आमची जमीन सीनुआनच्या आईकडून सीनुआनला आली. वरचे घर माझे. शेजारच्या तालुक्यातले जुने सागवानी घर मी विकत घेतले, खांब आणि फळ्या सुट्या करून ट्रकने आणले आणि सीनुआनच्या जमिनीवर पुन्हा उभे केले. इकडे घरे अशी गावे बदलतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही.

मागच्या दिवाळीत शिरीष आला होता. आल्याआल्या त्याने खांबांवर बोटाने टकटक केले, मग फीत काढून मापे घेतली. रात्री जेवताना म्हणाला, "आत्या, जमीन आपली नसू दे, लाकूड तर आपलंय ना? आता असला साग मिळत नाही. चियांग मायचा व्यापारी दोन दिवसांत उतरवून नेईल. सगळं खुंट्यांवर आहे, खिळासुद्धा नाही." सीनुआन त्याला चिकट भाताचा तिसरा गोळा वाढत होती. तिला मराठी येत नाही, पण फीत कळते. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "तुझ्या भाच्यानं माझ्या स्वयंपाकघराचं माप घेतलं. सदरा शिवतोय का त्याला?"

मी हसले, पण मला झोप लागेना. मी गेले की कायद्याने शिरीष वारस. तो व्यापारी येणार, घर उतरवणार, आणि एकाहत्तर वर्षांची सीनुआन खांबांच्या खड्ड्यांमध्ये उभी राहून बघणार. म्हणून मी ठरवले आणि या जागी असे लिहिले: माझ्या मालकीचे सागवानी घर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पश्चात सीनुआन हिला मिळावे.

हे वाक्य मी तिला थाईत वाचून दाखवले. वाटले होते, डोळ्यांना पदर नाही तरी बाही लावील.

ती म्हणाली, "मला नको."

"अगं, डोक्यावर छप्पर राहील तुझ्या."

"देवळाला दे. भिक्खूंची कुटी होईल. पुढच्या जन्मी तुला मोठं घर मिळेल."

"आणि या जन्मी तू कुठं राहशील? कोंबड्यांत?"

"राहीन."

तीन दिवस हाच वाद. नीळ ढवळायला आम्ही शेजारच्या पोराला बोलावले, कारण दोघींनाही हात लावायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हटले, "इतकी वर्षं माझं सगळं करतेस, आणि मी एक गोष्ट देते तर नाक मुरडतेस. काय खुपतंय ते एकदा सांग तरी."

ती लसूण सोलत होती. मान खाली घालूनच बोलली. "तू दिलंस म्हणजे पुण्य तुझं. तू देवळाला दिलंस तरी तुझंच. ताई, त्या बाकांवर तू आहेस, टाकीवर तू आहेस, पंख्यावरसुद्धा तू आहेस. तो पंखा आला त्या दिवशी साठ माणसांचा स्वयंपाक मी केला होता. मी जन्मभर घेतच आले. आईकडून जमीन घेतली, तुझ्याकडून घर घ्यायचं. मरताना मी कोणाला काय दिलं म्हणून सांगू? भात?"

मला हे कधी सुचलेच नव्हते. या बाईला छपराची काळजी नव्हती. तिला एकदा तरी मोठ्या हाताने द्यायचे होते, आणि मी मृत्युपत्र हातात धरून तिला घेणाऱ्यांच्या रांगेत उभी करत होते. मला फार वाईट वाटले आणि थोडा रागही आला, कारण हे तिने पंखा आला तेव्हाच सांगायला हवे होते.

म्हणून पाचवे कलम पूर्ण रद्द. त्याऐवजी काय केले ते सांगते. हा भाग मी पुढे बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे.

मी घर जिवंतपणीच सीनुआनच्या नावावर करायला काढले. बिनजमिनीचे घर नावावर करायचे तर इथे महिनाभर जाहीर नोटीस लावावी लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने यावे म्हणून. नोटीस आमच्याच खांबावर चिकटली. लोकांनी निम्मी वाचली. पहिल्या दिवशी लाकडाचे दोन व्यापारी आले. दुसऱ्या दिवशी किमलान आली आणि चप्पल न काढताच पायरीवरून म्हणाली, "वेगळ्या होताय का? कोण कुठं जाणार? मांदा, माझ्याकडे वरची खोली आहे, पण ती फोडणी चालायची नाही." मी तिला सांगितले की मी घर सीनुआनला देते आहे. ती म्हणाली, "मग राहणार कुठं?" मी म्हटले, "इथंच." त्यावर तिने विचारले, "दाखला काढलास ना डोक्याचा?"

माझ्या जिवाला खरा घोर वेगळाच होता. सीनुआन भर पावसात आपली छत्री दुसऱ्याला देऊन भिजत घरी येणारी बाई. घर हातात पडले की ती त्याच दुपारी देवळाला देऊन मोकळी होईल आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कोंबड्यांसह रस्त्यावर येऊ, याबद्दल मला शंका नव्हती. पण अट घालायची नाही असे मी ठरवले होते. अट घालून दिलेले घर तिचे कसे होईल?

शेवटी सह्या झाल्या. परत येताना तिने गाडी देवळाशी थांबवायला सांगितली. मी मनात म्हटले, संपले. ती एकटीच आत गेली. मी गाडीत बसून बाणेरच्या सोसायटीचा पहिल्यांदाच गंभीरपणे विचार केला.

ती बाहेर आली ती लाजत, नव्या नवरीसारखी. गाडीत बसल्यावर म्हणाली, "भंतेजींना म्हटलं, घर घ्या. ते म्हणाले, कोणाचं घर? म्हटलं, माझं." इथे ती थांबली आणि तेच पुन्हा म्हणाली, "माझं, म्हटलं. मग ते म्हणाले, मांदा कुठं राहते? म्हटलं, माझ्याकडे. तर म्हणाले, म्हणजे घर वापरात आहे. वापरातलं घर देवळाला चालत नाही. दोघींचं वापरून झालं की आण."

भंते इंथा यांना मी आजवर झोपाळू समजत होते. ते मत मी या दस्तऐवजाद्वारे मागे घेते.

पुढच्या गुरुवारी नऊ भिक्खू जेवायला आले, घरमालकिणीच्या घरी. सीनुआन पुढे बसली, मी तिच्या मागे. जेवण झाल्यावर भिक्खू पाठ म्हणू लागले आणि तिने पितळी भांड्यातून पाण्याची धार धरली. आपल्या दानाचे पुण्य कोणाला पोचवायचे त्यांची नावे या वेळी पुटपुटायची असतात. मी रीतीप्रमाणे तिच्या कोपराला हात लावला. तिने आईचे नाव घेतले, वडिलांचे घेतले, आणि मग तोडक्यामोडक्या उच्चारात भालचंद्र म्हणाली. मी रडले. भाडे पडत नव्हते.

तेव्हा घराविषयी माझे म्हणणे इतकेच: माझ्याजवळ घर नाही. मी जिथे राहते ते घर तिथल्या मालकिणीचे आहे, आणि पुढेमागे ती ते देवळाला देणार आहे. पाटीवर तिचे एकटीचे नाव असेल. शिरीष, फीत आणू नकोस, जेवायला ये.

कलम सहावे. माझे दहन गावातल्या स्मशानात करावे. इथे दहनाला फटाके उडवतात, ते नकोत, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. वकील म्हणाला, घरातल्या बाईंची सही चालणार नाही. मी म्हटले, पुन्हा वाचा. त्याने चष्मा लावून पहिल्यापासून वाचले आणि म्हणाला, "यांना तर तुम्ही काहीच दिलेलं नाही."

सीनुआनने सही करण्याआधी मला विचारले, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस?"

"तुला काही देत नाही असं."

"नक्की?"

"चमचासुद्धा नाही."

"मग आण इकडे पेन."

ठिकाण: बान नोंग खाम. दिनांक: बुद्धवर्ष २५६७, कार्तिक पौर्णिमा.

साक्षीदार क्रमांक एक: सीनुआन खामलुआ, व्यवसाय घरमालकीण. (व्यवसाय तिने स्वतः सांगितला आहे.)

साक्षीदार क्रमांक दोन: भंते इंथा, गावच्या विहाराचे प्रमुख.

लिहून ठेवणार: मंदाकिनी भालचंद्र खासनीस, राहणार साक्षीदार क्रमांक एक हिच्याकडे.