स्वतःच प्रसिद्ध केलेला चित्रपट

तीर्थस्वरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं हजर आहेत, उरलेली उधार समजावीत.) तुमचा गुडघा काय म्हणतो?

तुमचा 'ताई झोपली आहे' हा चित्रपट काल आमच्या विश्वकोशाच्या मंडळापुढे ठेवला. आमचा नियम एका ओळीचा: नोंद फक्त प्रसिद्ध कृतींची. त्यावर तुमचा युक्तिवाद मी शब्दशः वाचून दाखवला, की इंटरनेटवर बटण दाबून मी तो स्वतः प्रसिद्ध केला, मग तो प्रसिद्ध नाही कसा? व्याकरणात तुम्ही अभेद्य आहात. (प्र, सिध् आणि वर क्त प्रत्यय, पाणिनीसुद्धा तुमच्या बाजूने उभा राहिला असता.) अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण बघितलाय कोणी?" म्हणून सगळ्यांनी बघितला. खिडकीचा पडदा फुगतो, ओसरतो. खुर्चीत ताई. तिच्या छातीवरून वर्तमानपत्राचं एकेक पान घरंगळतं आणि ऊन तिच्या पावलांवरून हळूहळू हनुवटीपर्यंत चढतं. बाकी काही म्हणजे काही घडत नाही. चरित्रविभागाच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला, अध्यक्षांची मान कलली, आणि मला वाटलं, तो वारा आमच्याच खोलीत येतोय. आता ताई उठेल आणि विचारेल, चहा टाकू का? संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावेना.

मग अध्यक्ष जागे झाले आणि त्यांनी नोंद नामंजूर केली. कुणा परक्याने त्यावर चार ओळी छापल्याखेरीज कृती प्रसिद्ध ठरत नाही म्हणे. हे कळताच तुमचा निरोप आला, की रविवारी चित्रपट मूळ प्रतीसकट पुसतो. ताईचंही म्हणणं, "पुसाच, माझं तोंड उघडं दिसतंय." (दिसतंय खरं. पण घोरणं कॅमेऱ्यामागून येतंय, हे तिला सांगावं.) दाजी, जन्मभर शिवणकाम केलंत, उसवलेलं परत शिवता येतं, पुसलेलं नाही. थांबा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. चार ओळी मीच लिहून एका मासिकाला दिल्या. अध्यक्ष म्हणतात, मेहुणा परका नव्हे. तेव्हा मी तुमचा कोणी लागत नाही, असं ताईच्या सहीने लिहून पाठवा.

ता. क. दुसरा. ताईचा आत्ताच फोन आला, तिला वरची मागणी वाचून दाखवली. "भाऊ परका, असं मी लिहून देणार नाही, जा!" नोंद बुडाली. चित्रपट मात्र पुसू नका. अध्यक्षांनी त्याचा पत्ता मागून घेतलाय. दुपारी त्यांना झोप लागत नाही.