बाई आधी माणूस

४ जून, सोमवार
महिला तक्रार समितीचा अध्यक्ष झालो. ऑफिसात एवढं वाचलेला दुसरा आहे कोण? पहिला संकल्प: नावातला 'महिला' काढून टाकायचा. बाई आधी माणूस आहे. माणसाच्या हक्कांत सगळं आलंच की! वेगळं ताट कशाला? बायकोला ऐकवलं. म्हणाली, ताट एक करा, पण त्यात आधी जेवतं कोण तेही बघा. विषय काय, ही बोलते काय!

७ जून, गुरुवार
पहिली तक्रार. लॅबमधली मुलगी. विभागप्रमुख सॅम्पल बघायच्या निमित्ताने मागे येऊन चिकटतात, काम नसताना स्टोअररूममध्ये बोलावतात. सांगताना रडली. मी धीर दिला. म्हटलं, हा अन्याय तुमच्यावर बाई म्हणून नाही, माणूस म्हणून झालाय. नुसती बघत राहिली. भारावली असणार.

११ जून, सोमवार
ठराव पास! आमची समिती सर्वसाधारण तक्रार समितीत विलीन. एक घाव दोन तुकडे. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन करून अर्धा तास तत्त्व समजावलं. ती हं म्हणाली.

१४ जून, गुरुवार
सुनावणी. जरा घोटाळा झाला. सर्वसाधारण समितीवर विभागप्रमुखही आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेर बसा म्हटलं, तर म्हणाले, मी माणूस नाही का? तत्त्व माझंच. बसू दिलं. मग त्यांनीच तिला विचारलं, हात नेमका कुठे लागला ते दाखवा. ती उठून गेली. मी पाणी मागवलं.

बायको म्हणाली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात. मी म्हटलं, ही प्रोसेस असते. जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असेल.

१८ जून, सोमवार
तिचा राजीनामा आला. कारण वैयक्तिक. म्हणजे माझं तत्त्व शाबूत आहे. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. उद्या तिला फोन करायचाच.

१९ जून
नाही केला. मीटिंग होती.

२० जून
मीटिंग नव्हती. तरी नाही केला. काय बोलू?

२४ जून, रविवार
सकाळी लेक दारात. सोबत सगळं सामान. नोकरी सोडली. तिच्या मॅनेजरचा तोच प्रकार, फेब्रुवारीपासून. आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक. मी ओरडलोच, मला का नाही सांगितलं? लेक शांतपणे म्हणाली, बाबा, तुम्ही मला समजावत बसला असता.

दोघी आतल्या खोलीत बोलतायत. मी गेलो की गप्प होतात.