लॉज नको, खोली घेऊ

५ डिसेंबर १९५४, रविवार. ठाणे.

खडवलीहून सकाळच्या गाडीने आले. उथळसरला आवडाबाईंच्या माडीवर आठ दिवसांसाठी खोली घेतली आहे. लॉजमध्ये राहायचं नव्हतं. तिथे मॅनेजर वही पुढे करतो, नवऱ्याचं नाव लिहा म्हणतो, सोबत कोण विचारतो. शिवाय हे नेहमी म्हणत, लॉजच्या गादीत ढेकूण. खोली घ्यावी, म्हणजे आपला स्टोव्ह, आपला चहा, गॅलरीत आपली खुर्ची. दरवर्षी जायचं ठरायचं आणि ह्यांना, रेल्वेच्या तिकीटबाबूंना, रजा मिळायची नाही. चार वर्षांपूर्वी विषमज्वराने गेले, तेव्हाही रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावरच होता.

मी हवापालटासाठी आले आहे. दुसरं काही कारण नाही.

एकट्या बाईला खोली देत नाहीत, म्हणून गाडीतच कुंकू लावलं. सोयीपुरतं. आवडाबाईंना म्हटलं, हे मागून येतील. त्यांनी दोन गाद्या घातल्या. नको कशाला म्हणायचं?

संकल्प: रोज पन्नास पानं वाचन. मासुंदा तलावाला सकाळ-संध्याकाळ तीन फेऱ्या. रडणं बंद.

६ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७

चहा दोन कप झाला. दूध जास्त होतं.

दुपारी ४

चार पानं वाचली. पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं शिकलेल्या बाईला चार पानं कमी नाहीत. तलावाला एक फेरी झाली, तीही अर्धी. बाकावर बसले, कारण ह्यांना चढ-उतार सोसत नाही. तलावाला चढ-उतार नाही, हे नंतर लक्षात आलं.

७ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ९

आवडाबाई जिना चढून आल्या. आगरी माणूस, पूर्वी त्यांची मिठागरं होती. आवाज अजून मिठागराच्या ह्या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. म्हणाल्या, "गो बाय, साहेब आयले का? बोलन्याचा आवाज आयला." मी म्हटलं, मी वाचत होते. म्हणाल्या, "वाचताना कुनी 'साखर पुरे का' इचारतं?"

लोकांचे कान फार तीक्ष्ण असतात.

भुतंखेतं मी मानत नाही. जिन्यावर खोकला ऐकू येतो, तिसऱ्या पायरीवर पाऊल थांबतं, मग दाराशी तंबाखूचा वास येतो. हे येतात ते वेगळं. त्याला भूत म्हणत नाहीत.

८ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३

आवडाबाईंची सून जया आठव्या महिन्यात आहे. याआधीची दोन बाळं गेली. शुक्रवारी डोहाळजेवण. ओटी भरायला पाच सवाष्णी हव्यात, चार आहेत. आवडाबाई म्हणाल्या, पाचवी तू, परमेश्वरानंच धाडली.

हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी वाचणारी बाई आहे, शकुन-अपशकुन मानत नाही.

वाचन: शून्य पानं.

९ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ८

मानत नाही, पण जया काल नळावर उभी होती. एक हात पोटावर, जणू कुणी हिसकून नेईल. काहीच नाही, फक्त तेवढं आठवतं.

ठरवलं: आज आवडाबाईंना खरं सांगायचं.

दुपारी १

त्या कामात होत्या.

सायंकाळी ५

त्या रिकाम्या होत्या. मी म्हटलं, हवा छान आहे.

नवा संकल्प: उद्या डोकं दुखेल.

१० डिसेंबर, शुक्रवार. सकाळी १०

डोकं दुखतं म्हणून निरोप पाठवला. आवडाबाई स्वतः सुंठ घेऊन आल्या, उगाळून कपाळाला लावली आणि वर नवं कुंकू लावलं. आता जाणं भाग आहे. ओटीत तांदूळ टाकताना नुसता हात हलवीन, टाकणार नाही. म्हणजे कुणाचं काही बिघडणार नाही.

दुपारी ४

सगळं बिघडलं.

ओटीच्या आधी बायकांनी नाव घ्यायला लावलं. शेजारच्या हेमाने आधी घेतलं, मग माझी पाळी. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही, आणि ते गेल्यापासून मला उखाणा कोण घ्यायला लावणार? चार वर्षं ते नाव घशातच होतं. म्हटलं:

तळ्याच्या काठी दिवे साठ,
दगडूरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

बायका हसल्या. एकीने विचारलं, असलं कसलं नाव? मी सांगून बसले, की सासूबाईंची आधीची चार मुलं गेली, म्हणून पाचव्याचं नाव दगडू ठेवलं. दगड कोण उचलून नेणार, म्हणून.

आवडाबाईंनी टाळीच वाजवली. "आयकलंस जये? यमाला नको झालेला मानूस! आपल्या पोराचं नाव पन दगडूच!" जया माझ्याकडे बघत होती. सहा दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "काकींचे दगडूराव कंदी येनार? त्यांच्याच मांडीवर देऊ बाळ."

तांदूळ हातात होते. मला नुसता हात हलवता येईना. सांगितलं. दगडूराव येणार नाहीत. चार वर्षांपूर्वी माघात गेले. कुंकू खोटं आहे. हे नाव ठेवू नका, ते लागू पडत नाही.

हेमाने जयाला मागे ओढलं. आवडाबाईंनी माझ्या मुठीतले तांदूळ काढून घेतले. मला वाटलं, आता बोचकं रस्त्यावर येणार. त्यांनी विचारलं, गेला तवा केवढा होता?

सत्तेचाळीस, म्हटलं.

"सत्तेचालीस?" आवडाबाई जयाकडे वळल्या. "आपली दोनी पोरां म्हयन्याची नाय झाली. सत्तेचालीस पुरं गो बाय. ठेवू तेच नाव."

मग गल्लीतून दुसरी पाचवी सवाष्ण आणायला माणूस धाडला आणि माझ्यावर ओरडल्या, "खोटारडे, आयलीच हायस त आत बस, लसून सोल. पंगतीला उशीर झाला."

सत्तेचाळीस. मी आजवर तो आकडा कमीच धरत आले होते.

लसूण सोलली. डोळ्यांना सारखं पाणी येत होतं. कांदा असता तर बरं झालं असतं.