उंबऱ्यातली जागा

पोरीच्या आजीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. पोरगी पोटभर जेवते. माझा खोकला आहे तेवढाच आहे. तुझा गुडघा कसा आहे? शाळेत जागा मिळाली नाही तर पोरीला परत आणा, हे तुझं म्हणणं ध्यानात आहे.

शाळेला फी खरंच नाही. पण बाकही नाही. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, आठवीत एक्क्याण्णव मुलं आहेत. हिला काय माझ्या डोक्यावर बसवू?" मी पोरीचा हात धरून दाराकडे वळलो. तेवढ्यात गणिताचे मास्तर म्हणाले, "उंबऱ्यात बसू दे. तिथं मी असतोच."

गणिताला हे एकच मास्तर. आठवी आणि नववीच्या मधल्या दारात उभे राहून दोन्ही वर्गांना शिकवतात. इकडे गणित घालतात आणि ते सुटेपर्यंत तिकडे वळतात. पोरगी त्यांच्या पायाशी बसते. तिच्या बोटांवर पाय पडेल या धास्तीने मी काल खिडकीशी उभा राहिलो.

मास्तरांनी कागदाचा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले आणि टोकं एकत्र आणून शेजारी शेजारी लावले. खाली सरळ रेघ झाली. खोलीवर येऊन मी अकरा त्रिकोण फाडले, लांबुडके, बुटके, वाकडे. दर वेळी रेघ सरळच. एवढं आयुष्य गेलं, मला हे ठाऊकच नव्हतं.

सोबत एक त्रिकोण घातला आहे. कोपरे फाडून लावून बघ. मग पोरीला परत आणा म्हणायचं असलं तर म्हण.

तुझाच,
घाबरट म्हातारा