दोन वेळा

राजूर, १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आईस,
पायांवर डोकं ठेवून सहादेव लिहितो. बन्सी, हे आईला सावकाश वाचून दाखव.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. आपल्या विहिरीला पाणी टिकलंय का?

कॉलेजच्या दुष्काळ पाहणीसाठी आम्ही घरोघर फॉर्म भरतो. त्यावरून सरकारी काम कुठं काढायचं ते ठरणार आहे. त्यात एक प्रश्न आहे, दिवसातून किती वेळा जेवता? सगळेच 'दोन वेळा' सांगतात. काल गोजरबाई नावाच्या बाईनंही सासऱ्यासमोर तेच सांगितलं. वर म्हणाली, "पाव्हनं, भाकर खाऊन जावा." मी खाल्ली. उठताना पाहिलं, तर टोपल्यात दुसरी भाकर नव्हती आणि चुलीच्या गार राखेत मांजर झोपलं होतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लोक सांगतील तेच लिहायचं." असे दोनशे फॉर्म मी भरून दिलेत. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

आई, तूही दर पत्रात 'आमचं बरं चाललंय' असंच लिहायला लावतेस.

बन्सी, या खेपेला तिला विचारून लिहू नकोस. आधी टोपलं उघडून बघ, मग लिही.

तुझा,
सहादेव